निसण्याची सपाटी : वस्तऱ्याच्या दगडाचा इतिहास आणि सोलापूर

वस्तऱ्याच्या इतिहासाचा विचार आजवर बहुतांशी पोलादाच्या अंगाने झालेला आहे. दख्खनच्या अभ्यासकाला तो मार्ग जवळचा वाटावा, ह्याला कारणही आहे. १७९४ मध्ये मुंबईचे डॉ. हेलेनस स्कॉट यांनी ‘वूट्झ’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या देशी पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांचे परीक्षण करून १७९५ मध्ये आपला निबंध रॉयल सोसायटीपुढे मांडला. पुढे जेम्स स्टोडार्ट हा शस्त्रवैद्यकीय हत्यारे करणारा कारागीर आणि मायकेल फॅरडे यांनी पोलादाच्या मिश्रणांवर १८२० व १८२२ मध्ये लेख प्रसिद्ध केले, आणि त्या मिश्रणांतील काहींचे वस्तरेही करून पाहिले. ह्या हकीकतीत खाण, भट्टी, मूस, पाणी देणे हे सर्व येते. परंतु उत्तम पोलादाचा वस्तराही धार लागेपर्यंत लोखंडाची पट्टीच असतो आणि ती धार लावणारा जो दगड, त्याचा उल्लेख ओघात एखाद्या शब्दाने होतो, किंवा होतच नाही.

मराठीत ह्या दगडाला ‘निसणा’ असा जुना शब्द आहे. वस्तरा त्यावर पाजवायचा, मग चामोट्यावर फिरवायचा, आणि मग तो गालाला लावायचा, असा हा क्रम आहे. न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, कातर, चिमटा, नराणी, आरसा ह्यांच्याबरोबर दगड व चामोटे असे. पण साहित्यात मात्र ह्या दोहोंच्या वाट्याला फारसे काही आले नाही. संत सेना यांच्या नावावर असलेल्या प्रसिद्ध अभंगात आरसा आणि चिमटा ह्यांना विवेक-वैराग्याचे रूप मिळाले आहे. दगडाला तेथे जागा नाही. क्षुरधारेला तर कठोपनिषदाने फार पूर्वी उपमान करून टाकले होते; धार कशावर लागते हा प्रश्न उपनिषदाचा नव्हे.

तो प्रश्न ज्यांना टाळता आला नाही ते शस्त्रवैद्य. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील आठव्या अध्यायात शस्त्रांचे वर्णन आहे. भेदनाच्या शस्त्राची धार मसुरीएवढी, लेखनाच्या शस्त्राची त्याच्या निम्मी, वेधनाच्या व विस्रावणाच्या शस्त्राची केसाएवढी आणि छेदनाच्या शस्त्राची अर्ध्या केसाएवढी असावी, असे तेथे प्रमाण दिले आहे. क्षार, पाणी व तेल अशी तीन प्रकारची पायने सांगितली आहेत. आणि त्याच ठिकाणी धार लावण्यासाठी उडदाच्या रंगाचा गुळगुळीत दगड व धार टिकविण्यासाठी शाल्मलीची फळी वापरावी, असे म्हटले आहे. निसणा आणि चामोटे ह्या जोडीचे हे स्पष्ट पूर्वरूप होय. दगडाचा रंग आणि स्पर्श येथे सांगितला आहे, तो ‘श्लक्ष्ण’ म्हणजे गुळगुळीत असावा एवढे आले आहे. तो सपाट असावा, हे मात्र आलेले नाही.

हा भेद शाब्दिक नाही. गुळगुळीतपणा हा दगडाच्या कणांचा गुण आहे. तो निवडून घेता येतो, बाजारातून आणता येतो, ग्रंथात नोंदविता येतो. सपाटी ही दगडाची अवस्था आहे. ती कारागिराने उत्पन्न करावी लागते, आणि ज्या कामासाठी ती उत्पन्न केली तेच काम तिचा नाश करते. प्रत्येक वेळी वस्तरा घासताना दगड किंचित झिजतो, आणि जेथे हात अधिक वेळा फिरतो तेथे अधिक झिजतो. म्हणून निसण्याच्या इतिहासाचा मुख्य विषय दगड मिळविणे हा नसून दगड पुन्हा पुन्हा सपाट करणे हा आहे, आणि ह्या कामाची लेखी साधने विरळ असण्याचे कारणही तेच असावे. नित्याच्या झाडलोटीची नोंद कोणी दप्तरात करीत नाही.

सपाटीची गरज नेमकी किती, हे पाहण्यासाठी थोडे गणित करणे भाग आहे. वस्तरा दगडावर सपाट ठेवतात. त्याची जाड पाठ आणि धार ही दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. चाकूप्रमाणे येथे कोन हाताने सांभाळावा लागत नाही. पाठीच्या जाडीने तो कायमचा ठरलेला असतो, आणि सामान्यतः तो सोळा-सतरा अंशांच्या आसपास पडतो. ही सोय मोठी आहे, पण ती दगड सपाट असेल तरच. दगड लांबीच्या दिशेने खोलगट झाला असेल तर पाठ आणि धार ही खळग्याच्या दोन बाजूंना टेकतात आणि कोन वाढतो. मात्र ही वाढ वाटते तितकी मोठी नसते. पंधरा सेंटिमीटर लांबीच्या दगडाला मधोमध एक मिलिमीटर खळगा पडला, तरी सोळा मिलिमीटर रुंदीच्या पात्याच्या प्रत्येक बाजूला कोनाचा फरक अंशाच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास येतो. न्हाव्याच्या हाताला तो जाणवणारही नाही. रुंदीच्या दिशेने पडलेल्या खळग्याची गोष्ट निराळी. पाते सुमारे सात सेंटिमीटर लांब आणि सरळ. दगड पाचेक सेंटिमीटर रुंद. दगडाच्या मधोमध अर्धा मिलिमीटर खळगा असेल, तर सरळ पाते दोन कडांवर टेकून मध्ये अधांतरी राहते. पात्याची घासली जाणारी बारीक उतरती पट्टी एक मिलिमीटरहूनही अरुंद असते. तिच्याखाली केसाएवढी पोकळी राहिली तरी तेथे दगड पोचत नाही. परिणामी धारेचा मधला भाग बोथट राहतो आणि टोके मात्र झिजत जातात. उलट दगडाला मध्ये फुगवटा आला तर पात्याचे पोट खाल्ले जाते, आणि असा वस्तरा गालाच्या गोलाईवर दोन टोकांनी रुततो. ज्याच्या गळ्यावर तो फिरतो त्याला ह्या भूमितीचा प्रत्यय रक्ताने येतो.

वस्तरा दगडावर आडवा सरळ न ओढता तिरकस ओढण्याची जी सार्वत्रिक पद्धत आहे, तिचा उलगडा ह्यावरून होतो. अरुंद दगडावर लांब पाते पोचावे हा तिचा एक हेतू. पण तिरक्या ओढीमुळे धारेचा प्रत्येक बिंदू दगडाच्या निरनिराळ्या भागांवरून जातो आणि दगडातील लहानसहान दोष एकाच जागी साचत नाहीत, हाही तितकाच महत्त्वाचा लाभ आहे. हात आणि दगड ह्यांच्यातील ही तडजोड म्हणावी लागेल.

आता सोलापूरकडे वळावे. सोलापूरची भूमी ही दख्खनच्या काळ्या बेसाल्टची भूमी आहे. भुईकोट किल्ल्यापासून घरांच्या जोत्यांपर्यंत हाच दगड दिसतो. बांधकामाला तो उत्तम, जात्या-पाट्याला तर अप्रतिम. परंतु वस्तऱ्याला निरुपयोगी. त्यातील खनिजकण कमी-अधिक आकाराचे असतात आणि त्यांचा कठीणपणा पाणी दिलेल्या पोलादाच्या जवळपासच असतो. त्यामुळे तो बारीक धार लावण्याऐवजी ओरखडे काढतो. खडकाच्या पोकळ्यांत सापडणारे अकीक आणि गारगोट्या कठीण खऱ्या, पण त्या घासून चकाकी आणण्याच्या कामाच्या. बारीक, एकजिनसी कणांचे पाटीसारखे किंवा वालुकामय दगड बेसाल्टच्या थराबाहेर, म्हणजे दक्षिणेस कलादगी मालिकेत किंवा पूर्वेस भीमा मालिकेत शोधावे लागतात. म्हणजे सोलापूरच्या न्हाव्याच्या दृष्टीने चांगला निसणा ही परगावाहून आणलेली वस्तू होती. आणलेली वस्तू फेकून देत नाहीत, झिजली तर नीट करून वापरतात.

दगड झिजणे आणि तो पुन्हा कामाजोगा करणे, ही कल्पना ह्या प्रदेशाला नवी नव्हती. जाते आणि पाटा गुळगुळीत झाले की त्यांना टाकी लावावी लागे, आणि ते काम करीत गावोगाव हिंडणारा टकारी समाज होता. (ह्याच समाजाला इंग्रजी राजवटीत गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली आणण्यात आले आणि त्या कायद्याचा जाच १९५२ पर्यंत टिकला, ही गोष्ट प्रसंगोपात्त नमूद करण्याजोगी आहे, ज्याच्या हातावर घरोघरचे दळण अवलंबून, तोच संशयित ठरला.) जात्याचा आणि निसण्याचा रोग मात्र परस्परविरोधी आहे. जाते गुळगुळीत झाले की बिघडते, म्हणून ते खडबडीत करावे लागते. निसणा वाकडा झाला की बिघडतो, म्हणून तो सपाट करावा लागतो. जात्यासाठी गावाने स्वतंत्र कारागीर पोसला. निसण्याची निगा न्हाव्याने स्वतःच करायची होती. बलुतेदारांच्या बहुतेक याद्यांत मधल्या ओळीत बसविलेल्या ह्या कारागिराच्या कौशल्याची गणना करताना हजामत, मालिश, लग्नकार्यातील मान, जखमा आणि गळवे ह्यांवरील उपचार एवढे येते. पृष्ठभाग सपाट करण्याची विद्या त्यात कोणी मोजलेली नाही.

ती विद्या काय होती, हे तत्त्वतः सांगणे कठीण नाही. झिजलेला दगड दुसऱ्या सपाट दगडावर पाणी आणि वाळू घालून घासायचा. प्रथम कोळशाच्या रेघा ओढायच्या. घासल्यावर जेथे रेघ उरते तेथे खळगा आहे. रेघ सर्वत्र सारखी पुसली गेली की दगड सपाट झाला. पण दुसरा दगड तरी सपाट कशावरून? दोन दगड एकमेकांवर घासले असता ते एकमेकांशी तंतोतंत जुळतात, परंतु एक फुगीर आणि दुसरा तितकाच खोलगट असूनही ते जुळू शकतात. ह्यातून सुटण्याचा मार्ग एकच आहे : तीन दगड घेऊन ते आळीपाळीने परस्परांवर घासणे. तिघेही दोघांदोघांनी जुळले तर तिघेही सपाटच असले पाहिजेत, कारण तीन पृष्ठभाग परस्परांशी एकाच वेळी फुगीर-खोलगट असू शकत नाहीत. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ग्लासगो येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे ‘खऱ्या सपाट पृष्ठभागा’विषयी जे विवेचन केले, त्याच्या मुळाशी तीन पत्र्यांचे हेच तत्त्व आहे. मात्र त्यांनी वाळूने घासण्याची रीत त्याज्य ठरवून उंचवटे खरवडून काढण्याचा आग्रह धरला. यंत्रयुगाच्या अचूकतेचा उगम तेथे मानण्यात येतो. तो मान योग्यच आहे. तथापि एक दगड घासून दुसरा सरळ करणारे हात त्याच्या फार पूर्वीपासून जगभर काम करीत होते, ही गोष्ट तंत्रविद्येच्या इतिहासकारांनी फारशी विचारात घेतलेली दिसत नाही. पॅरिसचा शस्त्रकार झाँ-जाक पेरे याने १७६९ मध्ये स्वतःची दाढी स्वतः करण्यावर पुस्तक लिहिले, त्यात दगडांची पारख आणि चामड्याची तयारी ह्यांना मुद्दाम स्थान दिले. कारागिराने लेखणी हाती घेतली की दगड पानावर येतो, याचे हे उदाहरण.

१८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापुरास पोचली आणि १८७१ पर्यंत हाच मार्ग गुलबर्गा, शहाबाद करीत रायचूरपर्यंत गेला. निसण्याच्या दृष्टीने ह्या घटनेचे दोन परिणाम संभवतात. विलायती वस्तरे आणि विलायती दगड देशाच्या अंतर्भागात येणे सोपे झाले, हा एक. दुसरा अधिक स्थानिक आहे. भीमा मालिकेतील चुनखडीची शहाबादी फरशी वाघिणींतून सोलापुरात येऊ लागली आणि घराघरांत, दुकानादुकानांत पसरली. जवळजवळ नैसर्गिक सपाट थरांत निघणारा हा दगड म्हणजे निसणा घासण्यास आयतीच पाटी. अर्थात चुनखडी मऊ. वाळूने निसण्याबरोबर तीही झिजते, आणि एकाच जागी घासत राहिल्यास तिलाच खळगा पडून तो निसण्यावर फुगवट्याच्या रूपाने उमटतो. जागा बदलत राहणे आणि दगड मधूनमधून उलटा फिरवणे हाच त्यावर उपाय.

१८७७ मध्ये सोलापूरची पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि शहराच्या वस्तीचे रूप पालटले. मराठी न्हावी, कन्नड हडपद आणि तेलुगू मंगली असे एकाच व्यवसायाचे तीन भाषांतील कारागीर ह्या शहरात एकत्र आले. गावच्या न्हाव्याला सुगीला बलुते मिळे आणि त्याची गिऱ्हाइके ठरलेली असत. शहरातील दुकानात दर डोक्यामागे रोख पैसे आणि गिऱ्हाइकांची रीघ, विशेषतः गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी. वस्तरा दिवसातून अनेकदा पाजवावा लागला म्हणजे दगड त्याच प्रमाणात लवकर झिजणार. अर्थव्यवहारातील हा बदल निसण्याच्या पृष्ठभागावर उमटणे अपरिहार्य होते.

नेमक्या ह्याच सुमारास जगात दुसऱ्या ठिकाणी दगडाचेच स्वरूप बदलत होते. धार लावण्याचे कण आणि त्यांना बांधणारा पदार्थ निरनिराळे घेऊन कृत्रिम दगड करणे ही कल्पना भारतीय शिकलगारांना जुनीच होती; कुरुंदाची पूड लाखेत घोटून त्यांची चाके बनत. लाख उष्णतेने मऊ होते, हा तिचा दोष. १८७३ मध्ये अमेरिकेत वुस्टर येथे फ्रँकलिन नॉर्टन यांच्या कुंभारवाड्यात स्वेन पुल्सन ह्या कारागिराने लाखेऐवजी माती वापरून चाक भट्टीत भाजले. पुढे एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी १८९१ मध्ये विजेच्या भट्टीत कार्बोरंडम तयार केले, आणि काही वर्षांत बॉक्साइट वितळवून कृत्रिम कुरुंदही मिळू लागला. कृत्रिम कण आणि भाजलेली माती ह्यांच्या संयोगातून सिरॅमिक निसणा जन्मास आला. युरोपात मारिबोरच्या फ्रांझ स्वॅटी यांच्या कारखान्याचे दगड न्हाव्यांत नावाजले गेले. भारतात ग्राइंडवेल ह्या कंपनीने १९४१ मध्ये उरणजवळ मोरा येथे घर्षणचाकांचे उत्पादन आरंभिले, आणि १९५४ मध्ये मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल स्थापन झाली.

सिरॅमिक निसण्याने सपाटीचा प्रश्न सुटला, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः तो अधिक बिकट झाला. पहिली गोष्ट, भट्टीत माती आकसते आणि वाकते. कुंभाराला हे सांगावे लागत नाही. त्यामुळे कारखान्यातून आलेला नवा दगडही अनेकदा अगदी सपाट नसतो, आणि वापरण्यापूर्वीच त्याला सरळ करावे लागते. दुसरी गोष्ट, बांधणी मऊ असेल तर बोथट कण गळून नवे वर येतात, दगड चपळ राहतो, पण लवकर खोलगट होतो. बांधणी कठीण असेल तर दगड सपाट टिकतो, परंतु त्याच्या छिद्रांत पोलादाचा काळा चुरा भरतो, पृष्ठभाग चकाकू लागतो आणि वस्तरा नुसता घसरतो. न्हाव्यासाठी बनविलेले लहान, दाट दगड दुसऱ्या जातीचे. त्यांच्या बाबतीत सपाट करणे आणि ताजे करणे ही दोन्ही कामे एकाच घासणीत उरकावी लागतात.

आणि येथे नदीची वाळू अपुरी पडते. भीमेची वाळू नैसर्गिक दगडाला पुरेशी होती. कृत्रिम कुरुंदाचा कण वाळूहून कितीतरी कठीण. वाळू त्याला कापू शकत नाही, फक्त त्याच्या भोवतीची भाजलेली माती उकरून कण उपटून काढते. हे काम होते, पण अतिशय सावकाश, आणि पृष्ठभाग खरबरीत राहतो. कार्बोरंडमची पूड काचेच्या जाड तावदानावर पाण्यात कालवून त्यावर दगड घासणे हा खरा उपाय ठरला. अशी पूड किंवा मलम मोटारींच्या दुरुस्तीत व्हॉल्व्ह बसविण्यासाठी वापरतात, तेव्हा ती मिळण्यास फार लांब जावे लागत नसे. पूड उत्तरोत्तर बारीक घ्यायची, दगडाच्या तीक्ष्ण कडा किंचित मारायच्या, आणि शेवटी दगड वाहत्या पाण्यात कसून धुवायचा; कारण जाड पुडीचा एक कणही मागे राहिला तर पुढच्या वस्तऱ्याच्या धारेला दाता पाडतो. तेलावर चालविलेला दगड नंतर पाण्यावर आणू नये, कारण छिद्रांत शिरलेले तेल सहजासहजी निघत नाही आणि पाणी धरू देत नाही. १९५०-६० च्या दशकांत कृत्रिम हिऱ्याची निर्मिती सुरू झाल्यानंतर हिऱ्याचे कण बसविलेल्या पोलादी पट्ट्या निघाल्या. मातीची बांधणी नसलेल्या, निव्वळ अ‍ॅल्युमिनाचे कण उच्च तापमानात एकजीव केलेल्या अलीकडच्या दगडांना तर त्यांच्यावाचून दुसरे काही लागूच पडत नाही.

ह्या सर्व सुधारणा होत असताना ज्याच्यासाठी त्या व्हायच्या तो वस्तराच हळूहळू मागे पडत होता. जिलेट यांची कंपनी १९०१ मध्ये निघाली आणि १९०३ पासून बदलत्या पात्याचा वस्तरा विक्रीस आला. घरी दाढी करणाऱ्याचा दगडाशी संबंध तेव्हाच तुटला. दुकानात मात्र उघडा वस्तरा आणखी कितीतरी दशके टिकला, आणि त्याच्याबरोबर निसणा व चामोटेही. त्यांना हटविले ते साथीच्या भयाने. १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीचा प्रादुर्भाव प्रथम उघड झाल्यावर प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते हा आग्रह धरला जाऊ लागला, आणि अर्धे पाते मोडून बसविण्याचा वस्तरा सर्वत्र रूढ झाला. आरोग्याच्या दृष्टीने हा बदल इष्टच होता. एकच वस्तरा अनेक गालांवरून आणि एकाच दगडावरून फिरणे धोक्याचे होते, ह्यात शंका नाही. परंतु त्यामुळे एक संपूर्ण हस्तविद्या एका पिढीत निकामी झाली आणि ती लिहून ठेवण्याची निकड कोणाला भासली नाही.

लेखी साधने नसली तरी वस्तुरूप साधने आहेत. जुन्या दुकानांच्या फळ्यांवर, पेट्यांत आणि क्वचित स्वयंपाकघरांत असे दगड अजून पडलेले असतात, आणि त्यांचे पृष्ठभाग वाचता येतात. पोलादी पट्टी दगडावर प्रथम आडवी आणि मग उभी ठेवून दोन्ही दिशांचे खळगे मोजावेत. लांबीच्या दिशेने उथळ खळगा आणि रुंदीच्या दिशेने सरळ रेषा आढळली, तर दगड जाणत्या न्हाव्याच्या हातचा आणि अखेरपर्यंत निगा राखलेला मानता येतो. दोन्ही बाजू सारख्या झिजलेल्या असतील तर तो उलटसुलट वापरला गेला असला पाहिजे. मारलेल्या कडा, पृष्ठभागावरील एकाच दिशेचे किंवा गोल ओरखडे, छिद्रांतील तेलाचा डाग ह्यांवरून घासण्याची रीत आणि वापरलेले द्रव ठरविता येतात. आणि मधोमध अंगठा बसेल इतका खोल खळगा असेल, तर त्या दगडावर शेवटी वस्तरा नव्हे, विळी-सुरी पाजविली जात होती, असे निश्चित समजावे.